दाजींचे दोन हूक

आमच्या दाजींइतका राग आणणारा माणूस भीमेच्या दोन्ही काठांवर मिळून दुसरा सापडायचा नाही. हे मी रागाच्या भरात लिहितो आहे असं कुणाला वाटलं, तर ते बरोबर आहे. दाजींविषयी शांत डोक्यानं लिहिणं मला आजवर जमलेलं नाही. ते राहतात नदीपलीकडे शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईला, आणि मी अलीकडे दौंड तालुक्यात, यवतला. मध्ये एवढी नदी वाहते, तरी त्यांचा राग मला घरबसल्या येतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अक्काला बघायला ते आमच्या कवठे येमाईच्या घरी आले, तेव्हा मी शाळेत होतो. पोह्यांची बशी रिकामी झाल्यावर पाहुण्यांनी मुलीला काहीतरी विचारायचं असतं. दाजी वर बघत बसले. आमच्या पडवीत पाळणा टांगायचा एक लोखंडी हूक होता, तो ते निरखत होते. शेवटी आमच्या वडलांना म्हणाले, "हूक झिजलाय मामा, बदला." एवढं बोलून त्यांनी लग्नाला होकार दिला. वडलांना माणूस फार जबाबदार वाटला. मला तेव्हाच राग आला होता. तो हूक वडलांनी बदलला नाही, त्याच हुकाला टांगलेल्या पाळण्यात पुढं अक्काची दोन्ही पोरं आणि माझी मुलगी वाढली, आणि अजूनही दाजी आमच्या त्या घरी आले की चप्पल काढायच्या आधी वर बघतात.

त्यांची सगळी नोकरी दौंड जंक्शनला डब्याला डबा जोडण्यात गेली. इंजिन मागं सरकत येणार, दाजी दोन डब्यांच्या मध्ये वाकून उभे राहणार, धाडकन आवाज झाला की हूक अडकवून, साखळी आवळून बाहेर येणार आणि हात वर करणार. थंडी असो, ऊन असो, हेच काम. त्यामुळे जगात दोनच गोष्टी आहेत, ओढणारी आणि ओढली जाणारी, आणि त्या दोहोंच्या मध्ये हूक आहे, असं त्यांचं तत्त्वज्ञान झालं. निवृत्त झाल्यावर माणसानं रेल्वे रेल्वेच्या जागी सोडून घरी यावं. दाजींच्या मागोमाग सगळं यार्डच घरी आलं. दारामागं खुंटीला एक हिरवा रुमाल आणि एक लाल रुमाल कायमचा. घरी आलेला पाहुणा निघाला की दाजी अंगणात जाऊन उभे राहतात, त्याच्या गाडीभोवती एक फेरी मारतात, टायर अंगठ्यानं दाबून बघतात आणि मग हिरवा रुमाल दाखवतात. लाल दाखवला तर पाहुण्यानं मुकाट्यानं उतरायचं. एकदा माझ्या मोटारसायकलची हवा कमी आहे म्हणून मला असा थांबवला, स्वतः पंप मारला, पंप मारताना टायरचा व्हॉल्व्ह तोडला, आणि मी सेकंड शिफ्टला उशिरा पोचलो. साहेबांना कारण काय सांगणार, की सिग्नल मिळाला नाही म्हणून.

पण या सगळ्यात डोकं उठवणारी गोष्ट म्हणजे त्यांची शिट्टी. दाजी कुणाला हाक मारत नाहीत. बायकोला नाही, पोरांना नाही, रस्त्यानं चाललेल्या ओळखीच्या माणसाला नाही. गळ्यात शिट्टी असते, ती वाजवतात. चहा पाहिजे असला की एकदा, अक्का पाहिजे असली की दोनदा, आणि शेळी दुसऱ्याच्या मेथीत घुसली की थांबेपर्यंत. शेळी ऐकते. अक्का पहिल्यापासून ऐकत नाही. दोनदा शिट्टी वाजली की ती हातातलं काम आणखी सावकाश करायला लागते आणि आतूनच म्हणते, "मी काय डबा हाय का?" मग दाजी उठून आत जातात, तिच्यासमोर उभे राहतात आणि काय हवं ते हळू आवाजात सांगतात. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं आपल्याला एकदाही लांबून हाक मारली नाही, असं अक्का तक्रारीच्या सुरात सांगते. ती तक्रारच आहे ना, याविषयी मला हल्ली शंका येते.

दाजींनी जुनी व्हॅन घेतली ती अक्कासाठी. अक्का गावची आशाताई. वस्तीवरच्या, मळ्यातल्या आणि नदीकडच्या पोटुश्या बायकांची नावनोंदणी, तपासण्या, गोळ्या आणि शेवटी बाळंतपणाला दवाखान्यात पोचवणं, हे तिचं काम. ॲम्ब्युलन्स फोन केला की येते, पण डांबरी रस्ता संपतो तिथं थांबते. पुढं नदीपर्यंत काळ्या रानातली गाडीवाट. उन्हाळ्यात ती बरी असते. पाणी पडलं की तिथं पायातली चप्पल राहते आणि पाय तेवढा वर येतो. एका पावसाळ्यात उसाच्या मळ्यातली एक बाई बाजेवर घालून चौघांनी उचलून आणली. वाटेतच, चिखलात बाज टेकवून, अक्काच्या हातावर ती बाळंत झाली. पोर जगलं, बाई जगली, पण अक्का घरी आली ती रात्रभर ओसरीवर बसून राहिली. पुढच्या महिन्यात दारात व्हॅन उभी होती आणि अक्का हिरव्या-लाल रुमालांच्या देखरेखीखाली गिअर टाकायला शिकत होती. विकणाऱ्यानं पुढं बांधून दिलेलं लिंबू-मिरची दाजींनी दारातच सोडलं. लिंबाचं सरबत झालं, मिरच्या ठेच्यात गेल्या. काचेवर बाबासाहेबांचा फोटो आला आणि त्याच्या खाली स्वतःच्या हातानं, रेल्वेच्या डब्यावर असतात तसल्या ठोकळेबाज अक्षरांत, 'जय भीम'. इथपर्यंत माझी काही हरकत नव्हती. इथपर्यंत मला दाजी आवडले होते, हे मी लिहून ठेवतो, कारण यापुढं ते लिहायला जागा मिळणार नाही.

व्हॅन त्या वाटेनं जाईना. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल आणि मधला उंचवटा जास्त, त्यामुळे व्हॅनचं पोट टेकायचं आणि चारी चाकं हवेत फिरायची. दाजींनी ती उचलायची ठरवली. मी एका कारखान्यात वेल्डिंगच्या तपासणीला आहे. गाड्यांचे सुटे भाग माझ्या हाताखालून जातात, चुकलेला जोड मला लांबून दिसतो. घरात असा माणूस असताना त्याला एक शब्द विचारावा की नाही? मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जास्तीचा पाटा घातला, पुढं स्प्रिंगवर ठोकळे चढवले, जीपचे टायर बसवले, आणि मग मला फोन केला की या बघायला. मी गेलो तर व्हॅन टाचा वर करून भिंतीपलीकडं बघणाऱ्या पोरासारखी अंगणात उभी. पोट कुठंच टेकणार नव्हतं, हे खरं. पण तिच्यात चढायचं कसं? नवव्या महिन्यातल्या बाईनं पाय कमरेएवढा उचलायचा का, असं मी विचारलं. दाजींनी क्षणभर व्हॅनकडे पाहिलं, एकदा अक्काकडे पाहिलं आणि घरातलं स्टूल आणून दाराशी ठेवलं. तेव्हापासून ते स्टूल व्हॅनमधून फिरतं, आणि घरात माळ्यावरचा डबा काढायचा असला की व्हॅन परत यायची वाट बघावी लागते.

मग सुरू झालं हुकाचं. उंच केली तरी गाडी कधीतरी रुतणारच, आणि रुतली की पुढून ओढावी लागणार. कंपनीनं पुढं दिलेली कडी दाजींना पटली नाही. ही कडी कपडे वाळत घालायला बरी आहे, असं ते म्हणाले. तेही खरंच होतं. राग त्याचा येतो की या माणसाचं पहिलं वाक्य नेहमी खरं असतं. त्यांनी जुन्या पहारीचा तुकडा भट्टीत तापवून, घणानं वाकवून, रेल्वेच्या हुकाच्या घाटाचा एक हूक तयार केला. मनगटाएवढा जाड. देखणा होता, नाही म्हणत नाही. आणि तो हूक, हत्ती टांगला तरी वाकणार नाही असला हूक, त्यांनी बंपरच्या मागच्या पातळ पत्र्याला वेल्ड करून टाकला. मी यवतहून नदी ओलांडून गेलो आणि गाडीखाली आडवा होऊन तो जोड पाहिला. शेणाची गोवरी भिंतीला थापावी तसा तो वेल्ड होता. मी म्हणालो, दाजी, तुमचा हूक ज्याला धरून आहे ते काहीच नाही. रेल्वेच्या डब्याखाली लोखंडाचा सांगाडा असतो, इथं पत्रा आहे, पत्रा. दाजी म्हणाले की त्यांनी आयुष्यात एवढे डबे जोडले, हूक निघाल्याचं एकदाही पाहिलं नाही. मी म्हणालो, की हूक निघाला तर ओढणाऱ्या ट्रॅक्टरवरच्या माणसाच्या डोक्यात बसेल. त्यावर ते म्हणाले, मग बघूच की.

दारापुढच्या कडुनिंबाला साखळी बांधली, दुसरं टोक हुकात अडकवलं. अक्काला उतरवून दाजी स्वतः बसले, शिट्टी वाजवली आणि रिव्हर्स गिअर टाकून गाडी मागं घेतली. साखळी ताणली. पुढं जे झालं ते मी कितीही वेळा सांगितलं तरी माझं समाधान होत नाही. कडुनिंब जागेवर राहिला. साखळी जागेवर राहिली. हूक, त्याच्याबरोबर बंपर, नंबरप्लेट आणि एक दिवा, हे सगळं कडुनिंबापाशी राहिलं, आणि बाकीची व्हॅन दाजींना घेऊन उलटी पळाली ती उकिरड्यात जाऊन थांबली. शेळी ओरडायला लागली. अक्का ओसरीवर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. दाजी उतरले, शेणानं भरलेले पाय झटकत कडुनिंबापाशी आले, बंपर बाजूला सारला, हूक हातात घेऊन उलटसुलट केला आणि माझ्यासमोर धरला. म्हणाले, "बघा पाव्हणं. जरासुदिक वाकला न्हाई."

मी तेव्हा जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. थोडक्यात असं की या गाडीत माझी बहीण बसणार आहे आणि तिच्यामागं अडलेली बाई झोपलेली असणार आहे, तेव्हा तुमच्या हुकाची पूजा करायची असेल तर तो भिंतीवर टांगा. दाजी ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मंग तुमी करा." आणि मी केलं. सलग तीन रविवार माझी सुट्टी त्या व्हॅनखाली गेली. खालच्या लांब पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी जाड प्लेटी लावल्या, आरपार भोकं पाडून बोल्ट घातले, दोन्ही प्लेटी एका आडव्या पाइपानं जोडल्या, म्हणजे ओढ एका जागी न बसता गाडीभर वाटली जाईल. हूक दाजींचेच, पण आता दोन, डावा आणि उजवा. दुसरा त्यांनी पहिल्याशी इतका जुळवून घडवला की त्यातही मला राग आला. प्रत्येक बोल्टावर भांडण झालं. नट आवळताना ते शिट्टी वाजवायचे आणि मी पाना खाली टाकायचो. रंगावरून दोन तास गेले. मला काळा पाहिजे होता, त्यांना लाल. लाल झाला. परत कडुनिंब, परत साखळी. या वेळी अक्का म्हणाली मी बसते, आणि तिनं रिव्हर्स घेतला. चाकांनी माती उडवली, कडुनिंब वरपासून हलला, दाजींच्या डोक्यावर पिवळी पानं पडली, आणि गाडी जागची हलली नाही. दाजींनी हिरवा रुमाल दाखवला. त्यांनी मला शाबासकी दिली असेल असं कुणी समजू नये. ते म्हणाले, हूक चांगले होतेच.

एवढं झाल्यावर माणसानं ते हूक वापरावेत. पुढच्याच पावसाळ्यात दाजी स्वतः व्हॅन घेऊन रानात गेले आणि त्याच वाटेवर रुतले. वाटेला लागूनच आप्पांचा मळा आहे. आप्पा गावातले जुने बागायतदार, दाजींपेक्षा थोडे मोठे, दारात ट्रॅक्टर. दाजींची आणि त्यांची रोज सकाळी गाठ पडते. दाजी खणखणीत आवाजात "जय भीम" म्हणतात, आप्पा तितक्याच खणखणीत आवाजात "रामराम" म्हणतात, आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. इतक्या वर्षांत तिसरा शब्द झालेला नाही. त्या दिवशी आप्पांचा ट्रॅक्टर रुतलेल्या व्हॅनजवळून गेला. आप्पांनी वेग कमी केला, थांबलेच जवळजवळ. दाजींनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. ट्रॅक्टर पुढं गेला. थोड्या वेळानं परत आला, परत हळू झाला, दाजींचा पेपर अजून वरच. मग दिवसभर जॅक लावून, चाकाखाली विटा आणि तुराट्या घालून, डोक्यापासून पायापर्यंत चिखल होऊन हा माणूस संध्याकाळी गाडी घेऊन घरी आला. पुढचे दोन्ही हूक लाल, कोरे करकरीत.

हे अक्कानं मला फोनवर सांगितलं आणि मी त्याच पावली नदी ओलांडून गेलो. माझे रविवार गेले होते. मी अंगणातूनच सुरुवात केली. एवढे हूक कशाला केले, शोभेला का? एक हाक मारली असती तर ट्रॅक्टर समोर उभा होता. तुमचा ताठा एवढा मोठा आहे का, की बहिणीनं विधवा व्हायचं तेवढं राहिलंय? दाजी नळाखाली पाय धूत होते. त्यांनी पाय धुऊन घेतले, पुसले, माझ्याजवळ येऊन बसले. त्यांचे वडील गावकीच्या कामाला होते, हे मला माहीत होतं. आमच्याकडे कुणाचे नव्हते? पण पुढचं त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. आप्पांच्या वडलांची हाक यायची, असं ते म्हणाले. कधीही यायची. मढं पोचवायचं असो, सांगावा न्यायचा असो, ढोर मेलेलं असो. बाप जेवायला बसलेला असायचा, हाक आली की हातातला घास ताटात टाकून उठायचा. आई ताट झाकून ठेवायची. "किती येळा झाकल्यालं ताट बगितलं मी," दाजी म्हणाले. "हाक मारली की कुणीतरी घास टाकून उठतं, पाव्हणं. ते आपल्याच्यानं व्हायचं न्हाई." मग हूक कशाला केले, असं मी विचारलं, पण आवाज जरा खाली आला होता, याचाही मला राग आला. ते म्हणाले, "ते माझ्यासाठी न्हाईत. ते तिच्यासाठी हायेत." आत अक्का भाकरी थापत होती.

यानंतर ऊसतोड सुरू झाली आणि नदीकडच्या रानात तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या. त्यात एक पहिलटकरीण होती, अक्काच्या यादीत तिचे दिवस भरत आले होते. त्या रविवारी मी दाजींकडे जेवायला गेलो होतो. आदल्या रात्री अवकाळी पाऊस होऊन गेला होता. सकाळी निरोप आला तशी अक्का व्हॅन आणि स्टूल घेऊन एकटीच गेली. दाजींना तिनं नेलं नाही, कारण दाजी बरोबर असले की शिट्टीनं पेशंट घाबरतात. दुपारी आम्ही दोघांनी पानं वाढून घेतली, आणि तिचा फोन आला. बाई गाडीत घेतली आहे, कळा जवळजवळ येताहेत, आणि गाडी आप्पांच्या बांधाशी रुतली आहे. पोट टेकलेलं नाही, पण चारी चाकं मातीत गेली आहेत. ॲम्ब्युलन्स डांबरीवर येऊन उभी आहे. अक्काचा आवाज अगदी सरळ होता. ती घाबरली की तसा होतो.

मी ताटं झाकली आणि मोटारसायकल काढली, दाजी मागं बसले. त्या दिवशी माझ्या टायरकडे त्यांनी पाहिलं नाही. गाडीवाटेच्या तोंडाशी मोटारसायकल टाकून आम्ही चिखलातून पळालो. व्हॅन वाकडी होऊन उभी होती, चाकं अर्धी दिसत नव्हती. आत ती पोरगी, पोरगीच ती, पदर दातात धरून पडली होती आणि तिची सासू तिच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होती. अक्कानं आम्हाला बघून फक्त मान हलवली, म्हणजे वेळ नाही. आप्पांचं घर बांधापलीकडे, मध्ये कांद्याचं रान, रानात घोट्याएवढं पाणी. दारात ट्रॅक्टर दिसत होता. त्या पाण्यातून चालत जाण्यात वेळ गेला असता. आप्पांचा नंबर दाजींच्या फोनमध्ये असण्याचा प्रश्नच नव्हता, अक्काकडेही नव्हता, आणि तिला पोरीपासून हलता येत नव्हतं. मी बांधावर चढलो, दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि मागून दाजींनी माझा दंड धरला.

मला वाटलं, आता हा माणूस इथंही आडवा येतो आहे. मी त्यांना ढकलणारच होतो. ते म्हणाले, "थांबा. मी मारतो."

त्यांनी शर्टातून शिट्टी काढली, बघितली आणि परत आत टाकली. मग बांधावर उभे राहिले. हाक मारायची कशी हे त्यांना ठाऊक नव्हतं. साठी उलटलेल्या माणसानं कधी हाक मारलेलीच नव्हती. पहिला आवाज घशातच राहिला. नुसता खोकला आल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा त्यांनी पाय रोवले, छाती भरून घेतली, आणि "आप्पा" अशी एक हाक निघाली. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. फाटका, चिरका, एखाद्या वयात येणाऱ्या पोराचा असतो तसा. "आप्पा, या वं. गाडी आडकलीया." रानावरून ती हाक गेली आणि गाडीत अक्कानं मान वळवून दाजींकडे पाहिलं. तिनं तसं पाहिलेलंही मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

घरातून आप्पा बाहेर आले. इकडं बघून क्षणभर थांबले, बहुतेक त्यांचाही विश्वास बसला नसावा. मग तसेच, डोक्याला टोपी नाही, पायात काही नाही, ट्रॅक्टरवर चढले आणि वाटेचा वळसा न घेता सरळ स्वतःच्या उभ्या कांद्यातून ट्रॅक्टर घातला. ट्रॅक्टरवरची साखळी मी अडकवली, एक टोक डाव्या हुकात, एक उजव्या. मी अक्काला चाकं सरळ धरायला सांगितलं. दाजी बाजूला उभे होते, रुमाल घरी राहिला होता, म्हणून नुसता हात वर करून उभे. त्यांनी हात खाली आणला, आप्पांनी ट्रॅक्टर हळूच पुढं घेतला. साखळी ताणली, हुकांनी एकदा कुरकुर केली, आणि मी चिखलात वाकून गाडीखाली बघितलं, कारण ती प्लेट, ते बोल्ट, ते सगळं माझं होतं आणि आता त्याच्या एका टोकाला माझी बहीण आणि एक बाळंत होणारी पोरगी होती. मातीनं चाकं सोडली. गाडी एकदम हलकी झाली आणि ट्रॅक्टरमागं चालायला लागली, थेट डांबरीपर्यंत. ॲम्ब्युलन्सवाल्यानं स्ट्रेचर आणलं. अक्का आणि सासू त्या पोरीबरोबर आत बसल्या आणि ॲम्ब्युलन्स गेली.

मागं आम्ही तिघं राहिलो. आप्पा साखळी गोळा करायला लागले. डाव्या हातानंच करत होते. मी मदतीला गेलो तेव्हा दिसलं, उजव्या हाताला पिठलं लागलेलं होतं, बोटांवर वाळून गेलेलं. दाजींनाही ते दिसलं. त्यांची नजर त्या हातावरच राहिली. आप्पांनी साखळी ट्रॅक्टरवर टाकली, वाकून व्हॅनचे हूक नीट पाहिले आणि म्हणाले, "हूक चांगलं हायती." दाजी म्हणाले, "हायती." आप्पा ट्रॅक्टर घेऊन गेले, या वेळी वाटेनं. इतक्या वर्षांत झालेलं त्यांचं संभाषण ते एवढंच.

संध्याकाळी अक्का आली. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, म्हणाली, आणि आल्या आल्या आधी दाजींना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, कारण त्यांचा घसा पार बसला होता. एका हाकेनं माणसाचा घसा बसतो का? मी चिडायला सुरुवात केली. एवढी वर्षं हा घसा जपून ठेवला होता कशासाठी, पावसाळ्यात तो दिवसभराचा चिखल कशासाठी, आणि माझे रविवार, ते कोण देणार परत. चांगला जोर धरला होता मी. दाजी पायरीवर बसून गुळणी थुंकले आणि बसक्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाले, "जेवत व्हता त्यो."

मला सांगायचं होतं की एका ताटावरून कुणी एकदा उठल्यानं ती सगळी झाकलेली ताटं उघडत नाहीत. दाजींना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते तरीही तिथंच बसून होते, आणि परत म्हणाले, "घास टाकून आला, पाव्हणं." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. अपराध्यासारखं काहीतरी होतं. आत अक्कानं आमची दुपारची ताटं, झाकून ठेवलेली, परत काढली आणि जेवायला बोलावलं. दाजी लगेच उठले नाहीत. मला राग आणायचा होता, पण काही केल्या येईना, म्हणून मी फडकं घेऊन अंगणात गेलो आणि हुकांवरचा चिखल पुसत बसलो. लाल रंग साखळीनं खरवडून खालचं लोखंड दिसत होतं.